पुण्याहून कोकण किनाऱ्यावर गळाची मासेमारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडकवासला, पानशेत किंवा पवना धरणाच्या काठी गळ टाकण्याची सवय असलेले अनेक पुणेकर आता रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्याकडे वळू लागले आहेत. धरणाचे पाणी आठवडाभर जवळपास एकाच पातळीला असते, तर समुद्राचे पाणी दर सहा तासांनी आपली दिशा बदलते. नव्याने येणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या एका फरकातूनच निर्माण होतात. पुढील उत्तरे होडीविना, म्हणजे धक्का, खाडी, पुळण (वाळूचा किनारा) आणि खडकांवरून केल्या जाणाऱ्या मासेमारीपुरती आहेत.

पुण्याहून कोणते किनारे सोयीचे आहेत?

ताम्हिणी घाटाने माणगावला उतरल्यास म्हसळ्यावरून दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर गाठता येते. खोपोली-पेण मार्गाने अलिबाग आणि पुढे कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले रेवदंडा सोयीचे आहे. दापोली तालुक्यातील हर्णै, आंजर्ले आणि केळशी थोडी लांब आहेत, परंतु तेथे खाडी, पुळण आणि खडक हे तिन्ही प्रकार एकमेकांच्या जवळ मिळतात. अंतरे साधारणपणे १५० ते २०० किलोमीटर असली, तरी घाटरस्त्यांमुळे प्रवासाला चार ते सहा तास लागतात. त्यामुळे पहाटेची भरती साधायची असेल, तर आदल्या रात्री मुक्काम करणेच योग्य ठरते. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाने थेट खडकावर उभे राहू नये.

किनाऱ्यावरून गळ टाकण्यासाठी परवाना लागतो का?

राज्यातील समुद्री मासेमारी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याने नियंत्रित होते. त्यातील परवाना पद्धत मुख्यतः नौकांसाठी आहे, हौसेने किनाऱ्यावर एक दांडी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसासाठी नाही. तथापि जागेचे नियम वेगळे असतात. प्रवासी जेट्टीवर, फेरीबोटीच्या धक्क्यावर, मालवाहू बंदराच्या हद्दीत आणि नौदल किंवा तटरक्षक दलाच्या आस्थापनांजवळ परवानगीशिवाय उभे राहू नये. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील किल्ल्यांच्या तटावरूनही गळ टाकू नये. मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे तेथे जाण्यापूर्वी वन विभागाकडे विचारणा करणे आवश्यक आहे. धक्क्यावर कोणी हटकल्यास वाद न घालता जागा सोडावी, कारण बहुतेक वेळा सांगणाऱ्याला नौका लावायची असते आणि त्याचा हक्क आपल्या हौसेपेक्षा मोठा असतो.

कोणत्या दिवशी जावे?

शनिवार-रविवार पाहून सहल ठरते आणि तिथेच निम्मी चूक होते. आपली सुटी कॅलेंडरच्या वाराने येते, समुद्राचे वेळापत्रक मात्र तिथीने चालते. म्हणून आधी तिथी पाहावी, त्यावरून भरतीची वेळ काढावी आणि महिन्यातील जो शनिवार तिच्याशी जुळेल तो निवडावा.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा हिशेब सोपा आहे. पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती असते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, तर पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. ओहोटीची सर्वांत खालची पातळी त्यानंतर साधारण सहा तासांनी येते. हा हिशेब मुंबई-अलिबाग पट्ट्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, आणि खाडीत आत जावे तसतशी मुखापेक्षा उशिरा येते. त्यामुळे अचूक वेळेसाठी त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच, परंतु पुण्यात दिनदर्शिकेसमोर उभे राहून बेत आखायला पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

पाण्याचा जोरही तिथीप्रमाणे बदलतो. पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते, तितकेच खाली जाते आणि खाडीच्या मुखाशी प्रवाह इतका वेगवान होतो की दोरीला बांधलेले शंभर ग्रॅमचे शिसेही तळाला टिकत नाही. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो. त्या दिवसांत पाणी फारसे हलत नाही आणि मासाही सुस्तावल्यासारखा वाटतो.

माझ्या मते सकाळच्या मासेमारीसाठी एकादशी ते त्रयोदशी हे दिवस सर्वांत चांगले असतात. भरती साधारण सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे चढत्या पाण्याचा उत्तरार्ध नेमका फटफटण्याच्या वेळी मिळतो आणि प्रवाहाला जोर असूनही तो उधाणाइतका बेफाम नसतो. दुपारी पोहोचणाऱ्यांनी पंचमी-षष्ठी पाहावी, कारण तेव्हा पाणी चारच्या आसपास भरते. पौर्णिमेच्या शनिवारी पहाटे किनाऱ्यावर आलेल्या माणसाला मात्र समोर पाणी नव्हे, तर दूरवर उघडा पडलेला चिखल दिसतो.

वर्षातील कोणते महिने योग्य आहेत?

गढूळ पावसाळी पाणी निवळू लागल्यानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा असतो. मार्च ते मे हा दुसरा हंगाम आहे, मात्र तेव्हा मासेमारी पहाटे आणि संध्याकाळीच करावी. जून आणि जुलैमध्ये किनाऱ्यावर जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै या काळातील शासकीय मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे आणि किनाऱ्यावरील गळ तीत मोडत नाही, परंतु हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असतो, समुद्र खवळलेला असतो आणि दर्यावर पोट असलेली माणसे स्वतः थांबलेली असतात. हौशी माणसाने त्यांच्याबरोबर थांबावे. नारळी पौर्णिमेनंतरही पाऊस ओसरेपर्यंत पुळणीवर आणि खडकांवर न जाता खाडीतच राहिलेले बरे.

नवशिक्याने कोठून सुरुवात करावी: धक्का, खाडी, पुळण की खडक?

धक्क्यावरून. पायाखाली सपाट जागा असते, समोर थेट खोल पाणी असते आणि लांब फेक जमत नसली तरी चालते. धक्क्याच्या खांबांना आणि दगडी भिंतीला कालवे (धारदार कडांचे शिंपले) व शेवाळ लागलेले असते, त्याच्या आश्रयाने लहान मासे राहतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात. म्हणून नवखा माणूस जोर लावून दूर फेकत असताना शेजारचा गावकरी भिंतीलगत दोरी सोडून मासे काढताना दिसतो. मासेमारी नौकांची वर्दळ चालू असताना धक्का त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा. हर्णैसारख्या बंदरात लिलावाच्या वेळी तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये.

खाडीचे मुख ही धक्क्यानंतरची पायरी आहे. सावित्रीच्या मुखाची बाणकोट खाडी, आंजर्ल्याची जोग नदीची खाडी किंवा रेवदंड्याची खाडी येथे गोडे आणि खारे पाणी मिसळते. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांतून कोळंबी, लहान खेकडे आणि बोयची पिल्ले मुख्य प्रवाहाकडे ओढली जातात, आणि जेथे लहान ओहोळ खाडीला मिळतो त्या कोपऱ्यावर मोठा मासा दबा धरून राहतो. ओहोटीचे पहिले दोन तास अशा कोपऱ्यांवर घालवावेत. खाजणातल्या चिखलात मात्र उतरू नये. गुडघाभर वाटणारा चिखल कमरेपर्यंत ओढतो आणि चढते पाणी वाट पाहत नाही.

पुळणीवर मासेमारी करायची असेल, तर संध्याकाळच्या भरतीपूर्वी पूर्ण ओहोटीच्या वेळी किनारा चालून पाहावा. वरवर सपाट दिसणाऱ्या वाळूत लांबट चर, खड्डे आणि उंचवटे असतात. त्यांच्या खुणा किनाऱ्यावरच्या सुरूच्या एखाद्या झाडाशी किंवा घराशी जुळवून लक्षात ठेवाव्यात. पाणी भरल्यावर लाटा उंचवट्यावर फुटतात आणि चरावर पाणी काळपट, शांत दिसते. मासे किनाऱ्याजवळ येताना याच चरांतून येतात. मुडदुशी तर कित्येकदा लाट फुटते त्या रेषेच्या अलीकडेच मिळते, त्यामुळे पाण्यात कमरेपर्यंत शिरून फेकण्याने काहीच साधत नाही.

खडकांवर अनुभवी सोबत्याशिवाय जाऊ नये.

कोणते साहित्य घ्यावे?

सुरुवातीला एकच दांडी घ्यावी. आठ ते नऊ फुटांची, दोन तुकड्यांत सुटणारी मध्यम ताकदीची दांडी धक्का आणि खाडी या दोन्ही ठिकाणी चालते, आणि एसटीने किंवा दुचाकीनेही नेता येते. पुळणीसाठी दहा ते बारा फुटांची दांडी लागते, पण ती नंतर घेतली तरी चालेल. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेले ४००० क्रमांकाच्या आसपासचे रीळ, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनची दोरी), ३० ते १०० ग्रॅम वजनाची शिशे आणि दोन-तीन आकारांच्या गऱ्या (आमिष लावायचे आकडे) एवढ्यावर पहिले वर्ष निभावते. कालवांच्या कडेला घासून दोरी तुटते, म्हणून गरीजवळचा हातभर भाग जाड तंगूसचा ठेवावा. आत वळलेल्या टोकाची गोल गरी घेतल्यास ती बहुधा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकते आणि पोटात जात नाही, त्यामुळे लहान मासा जिवंत सोडणे सोपे होते. अशा गरीला झटका द्यायचा नसतो. दोरी ताणली गेली की सावकाश गुंडाळत जावे.

लांब नाकाचा पक्कड, कात्री, डोक्याला लावायचा दिवा आणि जाड तळाची, घट्ट बसणारी पादत्राणे यांना साहित्याचाच भाग समजावे.

आमिष पुण्यातून न्यावे की तेथे घ्यावे?

शक्यतो तेथेच घ्यावे. गणेश पेठेच्या मासळी बाजारातून आणलेली बर्फातली कोळंबी चालते, पण खाडीतून त्याच सकाळी निघालेल्या कोळंबीची सर तिला येत नाही. जिवंत कोळंबी लावताना गरी शेपटीच्या शेवटच्या पेऱ्यातून आडवी घालावी, म्हणजे ती बराच वेळ पोहत राहते. डोक्यातून घालायची झाल्यास आत दिसणारा काळा ठिपका टाळून पुढच्या काट्याखालून घालावी. मेलेली कोळंबी सोलून, शेपटीकडून गरीवर ओवून, टोक किंचित बाहेर ठेवावे. मांदेली, तारली, पेडवे आणि माकुलाच्या (स्क्विडच्या) पट्ट्याही उत्तम चालतात. माकूल चिवट असल्याने खेकडे ते सहज काढून नेऊ शकत नाहीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी आमिष तपासावे, कारण नुसत्या गरीवर तासभर वाट पाहणाऱ्यांची संख्या कमी नाही.

किनाऱ्यावरून कोणते मासे लागतात? पापलेट आणि सुरमई लागते का?

पापलेट लागत नाही. २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित झालेले हे पापलेट सूक्ष्म प्लवक आणि मऊ शरीराचे जीव खाते, त्यामुळे ते गळाला क्वचितच येते आणि जाळ्यातच मिळते. सुरमई खुल्या पाण्यात वेगाने फिरणारी आहे आणि किनाऱ्यावरून तिची अपेक्षा ठेवू नये.

खाडीत आणि धक्क्यावर तांब, जिताडा, करकरा, शिंगाळा, ढोमा आणि काळुंदर मिळतात, पुळणीवर मुडदुशी आणि कधीकधी रावस. करकरा हातात घेतल्यावर घशातल्या दातांनी करकर आवाज करतो, तो कानावर पडला की माशाची ओळख पटवून घ्यायला पुस्तक लागत नाही. तांब आमिष तोंडात घेताच खडकाच्या किंवा खांबाच्या आडोशाकडे उसळी मारतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांत दोरी सैल सोडली तर मासा गेलाच म्हणून समजावे.

जिताड्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण रायगडात त्याला फार मान आहे आणि प्रत्येकाला तो हवा असतो. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे ज्या मोठ्या जिताड्याबरोबर छायाचित्र काढण्याची इच्छा होते, तो बहुधा अंडी घालणारी मादी असते. अशी एक मादी गेली तर खाडीचे किती नुकसान होते, याचा विचार करून मोठा जिताडा सोडून द्यावा आणि मध्यम आकाराचा एखादा घरी न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणते मासे ठेवू नयेत?

लहान मासे ठेवू नयेत. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवून दिले आहे, ते मत्स्यव्यवसाय विभागाकडून समजून घ्यावे. शिंगाळ्याच्या काही जातींत नर आपल्या तोंडात अंडी सांभाळतो. गळाला लागलेल्या शिंगाळ्याच्या तोंडातून गोट्यांएवढी पिवळसर अंडी बाहेर पडताना दिसली, तर त्याला लगेच पाण्यात सोडावे. सागरी कासव, समुद्री घोडा आणि करवत मासा यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. चुकून अडकल्यास दोरी जवळ कापून त्यांना मुक्त करावे, आणि जखमी कासव आढळल्यास वन विभागाला कळवावे.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि साधारण नोव्हेंबर ते मे या काळात तेथे घरटी किंवा पिल्ले असतात. त्या महिन्यांत रात्री पुळणीवर प्रखर दिवे लावून बसू नये, कारण प्रकाशामुळे मादी परत फिरते आणि पिल्ले समुद्राऐवजी उलट दिशेला चालू लागतात.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा, वाळूवर आपटू देऊ नये, आणि गरी खोल गेली असेल तर ओढून काढण्याऐवजी दोरी तोंडाजवळ कापावी.

माशाचा काटा लागल्यास काय करावे?

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि बाजूच्या परांना दोन असे तीन दातेरी विषारी काटे असतात. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीतला काटा त्याहून घातक असतो. दोन्हींचे विष उष्णतेने निकामी होते, म्हणून जखम स्वच्छ धुऊन तो हात किंवा पाय सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी भाजणार नाही याची खात्री दुसऱ्या, निरोगी हाताने करावी. यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी नेणे फार उपयोगी पडते. खोल घुसलेला काटा, विशेषतः छातीत किंवा पोटात घुसलेला, स्वतः उपटू नये आणि थेट रुग्णालयात जावे. कालवांनी कापलेली जखमही किरकोळ समजू नये. ती स्वच्छ करून धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता वाळूत घासत न्यावेत, म्हणजे वाळूखाली बसलेले पाकट दूर सरते.

केंड, म्हणजे फुगणारा मासा, कधीही खाऊ नये. त्याचे विष शिजवल्याने जात नाही.

लाटांचा धोका कसा ओळखावा?

जागेवर पोहोचल्यावर लगेच साहित्य उघडू नये. वीस मिनिटे उंच, कोरड्या ठिकाणी उभे राहून नुसते पाहावे. मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांच्या मधला शांत काळ अनेक मिनिटांचा असू शकतो. खडकाचा जो भाग ओला आणि काळा दिसतो तेथे लाट पोहोचते आहे, समोर पाणी कितीही शांत असले तरी. शेवाळ असलेल्या उतारावर पाऊल ठेवू नये, समुद्राकडे पाठ करून गरी बांधू नये, आणि घसरलेली दांडी किंवा मासा पकडण्यासाठी खाली उतरू नये. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गालगतचे खडक दिसायला अतिशय देखणे आहेत, पण भरतीच्या वेळी ती वाट पाण्याखाली जाते आणि लाटा माणसांना ओढून नेतात. तेथे गळ टाकू नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी बुडून मरण पावले. तो महिना पावसाळ्याचा नव्हता. समुद्र हिवाळ्यातही जीव घेतो, ही गोष्ट या शहराने फार मोठी किंमत देऊन अनुभवली आहे. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा पाहिल्याशिवाय घर सोडू नये. दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा आकाश निरभ्र असतानाही किनाऱ्यावर येऊन आदळतात.

एकट्याने जाऊ नये, खडकावर आणि धक्क्याच्या टोकावर जीवरक्षक जॅकेट घालावे. कार्बनच्या दांडीतून वीज वाहते, म्हणून ढग गडगडू लागताच दांडी खाली ठेवून दूर जावे आणि विजेच्या तारांखाली ती कधीही उभी धरू नये. कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी न मारता दोरी, रिकामा कॅन किंवा बर्फाची बंद पेटी फेकावी आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

स्थानिक मच्छीमारांशी कसे वागावे?

कोळी, खारवी, दालदी, गाबीत आणि भोई समाजांची उपजीविका या पाण्यावर आहे. आपण त्यांच्या कामाच्या जागी आलेलो असतो. लावलेल्या जाळ्याच्या आसपास गळ टाकू नये, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नये, आणि पकडलेले मासे विकू नयेत. आमिष, चहा, जेवण आणि मुक्काम गावातच घ्यावा. "काका, आज पाणी कसं आहे?" असे विचारून जे उत्तर मिळते, त्यात त्या खाडीचे अनेक वर्षांचे ज्ञान असते. ते "आज नको" म्हणाले, तर दांडी गुंडाळून परत फिरावे.

तुटलेल्या तंगूसचा एकही तुकडा मागे ठेवू नये. त्यात पक्ष्यांचे पाय आणि कासवांची मान अडकते.

मासे पुण्यापर्यंत ताजे कसे आणावेत?

मासा ठेवायचा ठरल्यावर त्याला तडफडत ठेवू नये. लगेच मारून, कल्ले कापून रक्त वाहू द्यावे आणि समुद्राच्या पाण्यात कालवलेल्या बर्फात ठेवावे. खारे बर्फपाणी नुसत्या बर्फापेक्षा मासा लवकर थंड करते. परतीच्या प्रवासापूर्वी पोट साफ करून मासे पिशवीत घालावेत, पेटीत बर्फाचे थर द्यावेत आणि वितळलेले पाणी वाटेत माणगाव किंवा पेणला थांबून काढून टाकावे. घरी चार माणसे जेवणार असतील, तर चार माणसांपुरतेच मासे आणावेत.

खाऱ्या पाण्यानंतर साहित्याची निगा कशी राखावी?

त्याच रात्री दांडी, रीळ आणि गऱ्या गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवाव्यात. जोराचा फवारा मारल्यास मीठ रिळाच्या आत ढकलले जाते. दांडीच्या कड्यांमध्ये कापूस फिरवून पाहावा. कापूस अडकला तर कड्याला चीर गेली आहे आणि तेथेच पुढच्या वेळी दोरी तुटेल. रीळ सावलीत वाळवून त्याचा ब्रेक पूर्ण सैल करून ठेवावा आणि गंजलेल्या गऱ्या पेटीत परत न टाकता बाजूला काढाव्यात, कारण एकीचा गंज बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही.